वरनंच कमी आलंय

फॉर्म दोन पानी आहे, कानडीत.
हुदलींची नीलव्वा एकेक ओळ वाचते,
मला मराठीत सांगते,
आणि मी बोलेन ते पुन्हा कानडीत उतरवते.
महापालिकेची पुस्तिका निघणार आहे,
प्रत्येकाच्या फोटोखाली चार ओळी.

'पार्श्वभूमी,' ती म्हणते.
लिही : द्वारका परशराम बिर्जे, राहणार वडगाव,
शिक्षण सातवी,
माग बंद पडेपर्यंत कांड्या भरल्या.
पती कैलासवासी, महापालिकेत व्हॉल्व्हमन.
'व्हॉल्व्हमनला काय लिहू, आत्या?'
नीरगंटी लिही की गं.
तुझी आजी ह्यांना हाक तशीच मारायची.

चार फुटी लोखंडी चावी, वर आडवी मूठ,
ती दाराआड उभी असायची, घरातल्या माणसासारखी.
पोरं तिच्याशी उंची मापत वाढली.
पाचव्या रात्री पाणी. खालल्या गल्लीला दीड तास,
वरल्या गल्लीला दीड तास
आणि वर पंधरा मिनिटं,
'चढावर पाणी दमतंय,' हे म्हणायचे.
ती पंधरा मिनिटं कुठल्या रजिस्टरात नव्हती.

ह्यांचा दमा वाढला तशी मीच जाऊ लागले.
रात्री दोनला, पदर खोचून,
सगळं अंग टाकल्याशिवाय चावी फिरत नाही.
आधी हवा येते, म्हातारं माणूस खाकरतं तशी,
मग कुठल्या तरी परसात रिकामी घागर वाजते.
लोक मला 'बरी हाईस काय' विचारत नसत,
'आज येणार काय?' विचारत.
निवडणुकीत मतं पडली ती ह्या चावीला.
हे लिहू नको.

आणि पुढचंही लिहू नको, नीलव्वा.
आमच्या मंजूच्या हळदीच्या आदल्या रात्री
मी आमच्याच गल्लीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला.
पंधरा मिनिटं. मग आणखी पंधरा.
पिंप भरलं, काहिली भरली, शेजारणीची टाकीसुद्धा.
वर इराप्पा रंगाऱ्यानं त्या रात्री सूत बुडवलं होतं,
जांभळं, कुणाच्या तरी इरकलीच्या काठासाठी.
धुवायला पाणी पुरलं नाही.
रंग बसला तो ढगाढगानं,
सावकारानं आख्खी खेप परत टाकली.
सकाळी तो दारात आला, हात कोपरापर्यंत जांभळे.
'वहिनी, रात्री प्रेशर नव्हतं काय हो?'
मी हळद कालवत होते.
म्हटलं, 'वरनंच कमी आलंय.'
त्यानं मान हलवली.
जाताना लेकीच्या हातावर अकरा रुपये ठेवून गेला.

गेल्या महिन्यात माझी पहिली सभा.
विषयपत्रिका कानडीत, मागची रांग ओरडत होती
मराठीत द्या म्हणून. मीही ओरडले, हक्कच आहे तो.
मग कुणीतरी वरल्या गल्लीच्या पाण्याचं विचारलं.
इंजिनीयर उठला, टाय सारखा केला,
'मेलिंदने कडिमे बंदद री.'
शेजारचा मला भाषांतर करून सांगायला लागला.
मी हातानं थांबवलं त्याला.
तेवढं वाक्य मला कुठल्याही भाषेत कळतं.

'प्राधान्यक्रम,' नीलव्वा म्हणते, 'तीन लिहायचेत.'
नाला, दिवे, मराठी कागद, हे सगळं आहेच की,
खाली लिही.
एक नंबरला वरली गल्ली. नवी लाइन,
वेगळा व्हॉल्व्ह, टाकीपासून सरळ.
ती पेन उचलते.
'आत्या, तिथं तुम्हांला तेवीस मतं पडलीत.
इराप्पाचा सोमू तर समोरच्याचं बॅनर बांधत फिरत होता.'
फिरू दे. लिही.
ती लिहिते. गल्लीचं नाव कानडीत
जरा जास्तच जागा घेतं.
'आता कारण. एकच ओळ आहे.'

दाराआड चावी अजून उभी आहे,
भंगारवाला दोनदा विचारून गेला.
मी तिच्याकडं बघते, मग नीलव्वाकडं.
ती वाट बघते, पेन कागदावर टेकवून,
शाईचा ठिपका मोठा होत चाललाय.

लिही : तांत्रिक.